सातवा सेन्सर

सातारा, शुक्रवार

प्रिय ज्ञानदा,

तुझा मेल आईने मला दोनदा वाचून दाखवला. बारापैकी अकरा सेन्सर चोख, सातवा मात्र निम्माच प्रकाश पकडतो. जोडणी तुझी, म्हणजे हात तुझाच चुकला, असं सोमवारच्या बैठकीत सांगून तू या कामातून बाजूला होणार. तेव्हापासून माझं जेवणात लक्ष नाही.

तरी आधी माझ्या शंका. झेनॉन वायू उणे शंभर अंशांवर द्रव होतो, हे कळलं. त्यातून एखादा कण गेला की उजेड चमकतो आणि तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही, हेही कळलं. मग सिलिकॉनच्या नखाएवढ्या तुकड्याला तो दिसतो कसा? तुम्ही शोधता तो डार्क मॅटरचा कण माझ्या दुकानातूनही जात असेल का? कराडचे लालासाहेब दुरुस्तीचं घड्याळ न्यायला आले, त्यांना हे सगळं ऐकवलं. म्हणाले, "आवं, पण घावला का न्हाई अजून त्यो?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग पोरगी लय धीराची हाय." मी त्यांना चहा पाजला.

ते गेल्यावर तू दिलेले कागद पुन्हा वाचले. एका ठिकाणी लिहिलंय की हा उजेड साध्या काचेतूनही पार होत नाही, बोटाचा तेलकट ठसासुद्धा त्याला अडवतो. मी भरदुपारी दुकानाचं शटर ओढलं आणि बसून राहिलो.

बेंगळुरूहून पुण्याला सेन्सर नेताना तू दोन दिवस घरी थांबलीस. खंडेनवमीला तू आणि आई सांगलीला मावशीकडे गेलात. सेन्सरचा डबा उघडू नका, असं बजावून गेलीस. मी नेहमीप्रमाणे चिमटे, पेचकस, भिंग पाटावर मांडलं. माझ्या हत्यारांची पूजा होणार आणि माझ्या मुलीच्या नाही, हे मला बघवेना. डबा उघडला. एकाच सेन्सरला करंगळीने हळदकुंकू लावलं, नमस्कार केला आणि चष्म्याच्या फडक्याने पुसलं. भिंगातून काही दिसलं नाही, म्हणून निर्धास्त झालो. डायलला बोट लावू नका म्हणून चाळीस वर्षं गिऱ्हाइकांवर ओरडणारा मी.

फोनवर सांगायला जीभ रेटली नाही, म्हणून हे पत्र उद्याच्या पहिल्या एसटीने पार्सल करतोय. हात तुझा चुकलेला नाही, माझा चुकला. बैठकीत हे सगळ्यांसमोर वाच, माझ्या नावासकट. हसतील, हसू देत. मला माफ नंतर कर. आधी तो सेन्सर नीट साफ करून पुन्हा लाव, आणि आकडा किती आला तेवढं कळव.

तुझाच,
आप्पा