मोघेकाकूंच्या बोळातला दिवा

देवास, ७ जाने. २००२
विजेची कटौती परत वाढली. सकाळी चार तास, दुपारी तीन. महिला मंडळात ठरलं, घरोघर जाऊन बघायचं वीज कुठे वाया जाते. यादी माझ्याकडे. मास्तरीण ना मी! सौर कुकर दाखवायला आमच्याच गच्चीवरचा. तूरडाळ अडीच तासांत मऊ. समोरची सरोज चमचाभर खाऊन म्हणाली, "भाभी, ये तो जादू है." मलाही जरा चढलंच.

१० जाने.
बारा घरं झाली. मोघेकाकूंकडे भर दुपारी बोळात बल्ब. स्वयंपाकघरातून मागल्या अंगणात जायचा बोळ, अंधारा, मध्ये एक पायरी. काका बाजारात गेले होते. मी हसत म्हटलं, "काकू, अख्ख्या गल्लीत दिवसा दिवा तुमचाच हो. घालू का नाव यादीत?" काकू ओशाळल्या. "नको गं बाई, विझवत्ये." पण सवयीने बटण दाबलं जाणार, म्हणून मीच स्टुलावर चढले, बल्ब काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला. यादीत बरोबरची खूण.

१५ जाने.
काल संक्रांत. दुपारी चारला काकू बोळातल्या पायरीवरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. इंदूरला नेलंय.
मोतीबिंदू आहे त्यांना. मला माहीत होतं. दिवाळीआधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे मीच तर सोबत

१८ जाने.
डबा घेऊन इंदूरला गेले. ऑपरेशन झालंय. मुलगा श्रीकांत भोपाळहून आलेला. काकू त्याला सांगत होत्या, "अरे, बोळातल्या दिव्याचा लट्टू उडाला होता." तो काकांवर उखडला. "उडाला तर चार दिवस तसाच? आईला दिसत नाही, माहीत नाही आपल्याला? एक लट्टू आणणं होत नाही?" काका खाली बघत बसले. मी डबा धरून उभी. काकूंनी माझ्याकडे बघितलं, म्हणाल्या, "सुधा, पोळ्या झाकून ठेव हो."
झाकून ठेवल्या. आणि परतीची बस धरली.

२६ जाने.
गल्लीत झेंडावंदन. सगळ्यांची बिलं उतरली म्हणून मंडळाने मला शाल दिली. दोन शब्द बोला म्हणाले. बोललेही, काय ते आठवत नाही. काका पहिल्या रांगेत. टाळ्या वाजवत होते.
शाल ट्रंकेत तळाशी घातली.

२ फेब्रु.
ह्यांना सांगितलं. चहा पिता पिता म्हणाले, "आता बोलून काय फायदा? काकूंनीच झाकलंय ना? मग कशाला उकरतेस?" बरं वाटलं ऐकून. बरं वाटलं, याचीच जास्त लाज.

९ फेब्रु.
काकू घरी आल्यात. पलंगावरच. भेटायला गेले तर डोळ्यांत पाणी. श्रीकांत त्यांना कायमचं भोपाळला नेणार. म्हणाला म्हणे, "बाबांच्या भरवशावर आईला ठेवणार नाही." काका इथेच राहणार. भोपाळचं घर दोन खोल्यांचं, त्यात सुनेची आई. "पन्नास वर्षं झाली गं लग्नाला," काकू म्हणाल्या. मी म्हटलं, "काकू, खरं सांगून टाकू या." त्यांनी माझा हात दाबला. "गप. तुला गल्लीत राह्यचंय. शाळेत शिकवतेस तू."

१३ फेब्रु.
आज शाळेतून थेट काकांकडे. ओट्यावर गहू निवडत होते, आता तेही त्यांच्याकडे. काकू आत झोपलेल्या. उभ्या उभ्याच सांगितलं. बल्ब मी काढला. उडाला नव्हता.
काका निवडत राहिले. मग म्हणाले, "माहीत आहे. स्टूल बोळातच होतं. माझे गुडघे चढू देत नाहीत, हिला दिसत नाही. मग कोण चढलं? यादी घेऊन तर तुम्हीच फिरत होता."
"मग श्रीकांतला बोलला का नाही?"
"हिने तुमचं नाव घेतलं नाही. मी कसं घेऊ?"
मला रडू आलं. ते म्हणाले, "रडू नका. पण त्याला सांगायचं तर तुम्हीच सांगा. माझ्यावर विश्वास नाही त्याचा. रविवारी येतोय जीप घेऊन."
रागावले असते तर सोपं गेलं असतं.

१७ फेब्रु., रविवार
श्रीकांतला फोन लावायला या चार दिवसांत तीनदा पी.सी.ओ.वर गेले. तिन्ही वेळा परत आले.
जीप आली आहे. काकूंची वळकटी ओट्यावर. श्रीकांत मागची सीट काढून गादी घालतोय. काका फाटकाशी उभे आहेत, हातात काकूंच्या औषधांची पिशवी. द्यायची की नाही अशी धरलेली.
हे म्हणतात, "जाऊ नकोस, तमाशा होईल." गल्लीतल्या सगळ्या बायका बाहेर आहेत. सगळ्यांसमोरच बोलावं लागेल.
चप्पल घातली आहे. दोन ओळी लिहायला म्हणून उगाच टेकले.
आता उठते.