पहिल्या घाण्याचं मीठ

सोलापूर,
रविवार, २० जानेवारी १९७४

चि. सौ. वच्छलेस,

अनेक आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर ओळखून ते तू बाजूला ठेवलं असशील, तरी हरकत नाही. सवडीने वाच, पण वाच. माझ्या देवदिवाळीच्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस, ते ठीकच केलंस. त्यात उपदेशाखेरीज काही नव्हतं.

इकडे सर्व ठीक. संक्रांत झाली, गड्ड्याची जत्रा भरली आहे आणि सिद्धेश्वराच्या दाराशी बिऱ्हाड केल्याची शिक्षा मी भोगते आहे. सकाळी सहापासून लाउडस्पीकर. पाळणेवाला, तंबूतल्या सिनेमाची जाहिरात करणारा आणि हरवलेल्या पोरांची नावं पुकारणारा, असे तिघे एकदम ओरडतात. एका वेळी एकीने बोलायचं, हा नियम माझ्या शाळेत चारशे मुलींना जमत होता. या तीन बाप्यांना जमत नाही. महापालिकेला पत्र टाकलं आहे. उत्तर नाही. हल्ली मला कोणीच उत्तर देत नाही.

बजाबाई अजून कामाला येते. पण मिठाची बरणी पंधरवड्यात रिकामी होते, जी पूर्वी दोन महिने पुरायची. मीठ कुठे जातं म्हणून तिला विचारलं, तर म्हणते, "बाई, मीठ चोरून मी काय समुद्र करू?" तोंडाळ आहे.

हिंदुरावाचं पत्र आलं. तू नाही, तरी तुझा नवरा आपल्या आत्याला लिहितो. कारखान्याचा हंगाम जोरात आहे, उसाच्या गाड्यांनी श्रीपूरचा रस्ता अडला आहे, वगैरे. शेवटी त्याने तुझ्याबद्दल एक ओळ लिहिली आहे. तिच्याकडे मी येते. आधी चंद्रव्वाची हकिगत सांगते.

चंद्रव्वा मैंदर्गीची. दर गड्ड्याला येते आणि देवळाच्या वाटेवर चिंचेखाली चूल मांडून मिरचीची भजी तळते. तू हसशील. रस्त्यात उभं राहून खाते ती शेळी, असं आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर म्हणायच्या आणि मीही एकतीस वर्षं मुलींना तेच ऐकवत आले. रिटायर झाल्यावर पहिल्याच गड्ड्यात त्या वासाने मला जिन्यावरून खाली ओढलं. मी उभी राहून खात नाही म्हटल्यावर चंद्रव्वाने तेलाचा रिकामा डबा पालथा घातला आणि त्यावर घडी केलेलं पोतं ठेवलं. "बसा अक्का, आता शेळी न्हाय." तेव्हापासून ती माझी जागा आहे.

आता तिची पद्धत ऐक. पहिला घाणा ती पळसाच्या पानावर घेते, कळसाकडे धरून हात जोडते आणि गाईला घालते. तोवर पीठ चाखायचं नाही, कारण नैवेद्य उष्टा होतो. आणि नंतरही चाखायचं नाही, कारण विकायच्या वस्तूला आपलं तोंड लावायचं नाही. संध्याकाळी चूल विझली की मगच ती खाते. मी म्हटलं, "मग मीठ कसं कळतं गं तुला?" तर म्हणाली, "हाताला कळतंय की. आन आता तुमी हाय." दुसऱ्या घाण्यातलं पहिलं भजं मला मिळतं. ती झारा हातात धरून विचारते, "उप्पु?" म्हणजे मीठ. मी सांगते तसं ती पिठात घालते आणि मग दिवसभर सगळी यात्रा त्या मिठाचं खाते. चार वर्षं मी हे काम केलं. खरं सांगू? मुख्याध्यापिकेच्या खुर्चीपेक्षा मला त्या डब्याचा अभिमान अधिक होता.

यंदा सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षतांच्या दिवशी मी नेहमीसारखी जाऊन बसले. तव्यासारखं तापलेलं ऊन, समोर तळं, माणसांचा पूर, आणि हातात चटके देणारं भजं. वरचं आवरण कुरकुरीत, आतली मिरची जीभ भाजणारी. डोळ्यांत पाणी आलं, बरं वाटलं. "उप्पु?" मी म्हटलं, "कमी आहे. चिमूटभर नाही, चांगलं मूठभर घाल." तिने एकदा पिठाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आणि घातलं.

पाच-दहा मिनिटांत अकलूजचा एक पागोटेवाला परत आला. पान तिच्या पुढ्यात ठेवून म्हणाला, "मावशे, मिरचीचं भजं मागितलं होतं, लोणचं न्हाय!" त्याची बायको मागून म्हणाली, "लई खारट झालंय वो, पोरगं थुंकलं."

चंद्रव्वाने ते पान बाजूला सरकवलं. मी कशाला गप्प बसेन? मी त्याला म्हटलं, "तंबाखूने तुमची जीभ मेली आहे, दोष तिला द्या, भज्याला नको." तो मला बघून हात जोडून गेला. लोक हसले, पण पलीकडे बंदेनवाजच्या भज्यांच्या गाडीवर जाऊन हसले.

होमाच्या दिवशी तेच. शोभेच्या दारूकामाच्या दिवशीही तेच. तीन दिवस मी म्हणायची "कमी", ती घालायची, आणि गिऱ्हाईक पान टाकून पलीकडे जायचं. वर्षातले तिच्या कमाईचे दिवस ते हेच. आणि मी त्या डब्यावर बसून लोकांच्या जिभा किती बिघडल्या आहेत, यावर बोलत होते.

चौथ्या दिवशी मी "कमी" म्हटलं. या वेळी तिचा हात मिठाच्या डब्याकडे गेला नाही. तिने माझ्या पानातलं भजं उचललं, देवळाकडे बघून डोळे मिटले आणि तोंडात घातलं. भर दुपारी, चूल पेटलेली असताना. तिने ते सावकाश चावलं, गिळलं, पदराला हात पुसले.

"अक्का," ती म्हणाली, "उद्यापासनं तुमी चटणीचं सांगा. तिखट कमी-जास्त. मिठाचं मी बघती."

आवाज अगदी मऊ. नापास झालेल्या मुलीला मी कधी एवढ्या मऊ आवाजात सांगितलं नसेल.

मी रागाने उठून घरी आले. रागच आला होता, खोटं कशाला लिहू? दार लावलं आणि चमचाभर मीठ जिभेवर ठेवलं. वच्छला, ती नुसती वाळू होती. ओली वाळू. मग साखर घेतली. ती कुठे तरी लांबून आल्यासारखी लागली. तिखट तेवढं कळतं, पण डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले, ती चव नव्हे, ती जळजळ. "मोठा ताप येऊन गेला होता का?" त्यांनी विचारलं. आला होता. भाद्रपदात, अकरा दिवस. "त्यानंतर एखाद्याची चव जाते. येईल किंवा या वयात येणारही नाही." इतकं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

बरणी रिकामी करणारी मीच होते. बजाबाईची माफी मागितली. तिने "बरं" म्हणून भांडी घासली.

पण मी घरी येऊन महिने मोजत होते ते बजाबाईसाठी नव्हे. ताप भाद्रपदात. आणि तुमची वास्तुशांत कार्तिकात.

आता हे लिहायला तीन पानं लागली, यावरून तुझ्या आत्याबाईची लायकी ओळख. त्या दिवशी तू मला पहिल्या पंक्तीत पहिली मानाची वाटी वाढलीस. अजून कोणाच्या ओठाला आमटी लागली नव्हती. मी एक भुरका घेतला आणि कारखान्याच्या सगळ्या बायकांपुढे, शेजारी तुझी आई जेवायला बसलेली असताना म्हणाले, "आमटीत मीठ घालतात, हे माहेरी शिकवलं नाही वाटतं." तुझी आई पानाकडे बघत राहिली. तुला उलट सांगताही येत नव्हतं. नैवेद्याचा स्वयंपाक, तूही चाखलेला नव्हतास. मग मी उठले, पातेल्यात स्वतःच्या हाताने मूठभर मीठ घातलं आणि वाढायला सांगितलं. पंक्ती उठली तेव्हा सगळ्यांच्या आमटीच्या वाट्या भरलेल्या होत्या. मी गाडीत हिंदुरावाला म्हटलं, "बघ, मुळातच बिघडली होती."

आता हिंदुरावाची ती ओळ. "पाहुणे यायचे असले की वच्छला हल्ली शेजारच्या गोजरबाईंना चाखायला बोलावते, स्वतःच्या हातावर तिचा विश्वास राहिला नाही." चौथ्या दिवसाआधी ही ओळ वाचून मी मनात म्हटलं होतं, बरं झालं, शिकली. हेही तुला कळलेलं बरं.

तुझ्या आमटीत मीठ बरोबर होतं. ती आमटी मी नासवली. गोजरबाईंना पाहुणी म्हणून बोलाव, चाखायला नको.

मी अजून रोज चंद्रव्वाकडे जाते. डब्यावर बसते, भजं खाते. चव नाही, पण चटका आहे, कुरकुर आहे, तळ्यावरचा वारा आहे. सहासष्टाव्या वर्षी एवढं पुष्कळ झालं. गिऱ्हाईक परत आलं आहे. परवा तो पागोटेवाला पुन्हा दिसला. मला म्हणाला, "काय आजी, सुधारली का माझी जीभ?" मी चंद्रव्वाला त्याच्या भज्यात मिरची जास्तीची घालायला सांगितली.

गड्डा अजून आठवडाभर आहे. तुला यावंसं वाटलं तर तुझ्यासाठी दुसरा डबा पालथा घालायला चंद्रव्वा तयार आहे. नाही आलीस तरी एक काम कर. हे पत्र तुझ्या आईला वाचून दाखव. हळू नको, मोठ्याने. मी मोठ्याने बोलले होते.

सोबत तिळगूळ आहे. मी केला आणि कोणाला चाखायला दिला नाही. गूळ कमी पडला असेल तर तसं लिही. सगळे म्हणतात गोड बोला. तू तो खा आणि खरं बोल.

पुन्हा कधी तुझ्या घरी पान मांडलंस, तर पहिली वाटी तुझ्या आईला. मला शेवटच्या पंक्तीत बसव. जे येईल ते खाईन आणि पाणी मागण्यापलीकडे तोंड उघडणार नाही.

तुझी अपराधी,
आत्याबाई