तुम्ही डाळ मिलवर आला होतात

आप्पा,

मागच्या महिन्यात आम्ही दोघं श्रीलंकेला जाऊन आलो. मी शाळेतून रिटायर झाले म्हणून तुमच्या नातीनं पुण्याहून तिकिटं काढून पाठवली. तुम्ही गेलात तेव्हा ती दुसरीत होती, आता तिच्या लग्नालाही तीन वर्षं झाली. समुद्र मी याआधी एकदाच पाहिला होता, शाळेच्या सहलीबरोबर, आणि तेव्हा सगळा वेळ पोरं मोजण्यातच गेला. या वेळी मोजायला कोणी नव्हतं. सकाळी उठायचं, आयता नाश्ता करायचा आणि खुर्चीवर बसून लाटा बघायच्या. तुमच्या जावयांना ते दोन दिवसांतच जड झालं. जन्मभर डाळ मिलमध्ये पाळ्या केलेला माणूस, त्याला नुसतं बसवत नाही. त्यांनी हॉटेलातल्या माणसाला विचारून एक रिक्षा ठरवली आणि कागदावर चार ठिकाणं लिहून घेतली.

नेमका त्याच दिवशी पहाटेपासून पाऊस. आपल्याकडचा पाऊस येतो आणि जातो, हा आला तो मुक्कामालाच आल्यासारखा. मी म्हटलं, राहू द्या, उद्या जाऊ. पण ठरलंय तर जायचं, असं ह्यांचं म्हणणं. दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे पडदे लावलेल्या रिक्षातून आम्ही निघालो. बाहेरचं काहीच दिसत नव्हतं, नुसतं हिरवं आणि राखाडी पळत होतं. पहिल्यांदा कासवं पाहिली. हौदात तळहाताएवढी पिल्लं, आणि एका वेगळ्या टाकीत पुढचा एक पाय तुटलेलं मोठं कासव. ते पोहताना सारखं एकाच बाजूला वळत होतं. हे त्या टाकीपाशी बराच वेळ उभे राहिले. तिथून गॉलच्या किल्ल्यात गेलो. दारापाशी पिवळे प्लास्टिकचे रेनकोट मिळत होते, ह्यांनी दोन घेतले. त्यांचा त्यांना गुडघ्यापर्यंतच येत होता आणि खाली भिजलेली पँट पायाला चिकटलेली. मला हसू आवरेना. तेही हसायला लागले. छत्तीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघं असे रस्त्यानं हसत चाललो आहोत, असं मला एकदाही आठवत नाही.

दीपस्तंभापाशी पोचलो तर पावसानं चांगलाच जोर धरला. जवळच एका जुन्या वखारीत समुद्राचं संग्रहालय केलेलं आहे, तिथं शिरलो. आत गंजलेले नांगर, फुटक्या घागरी, माशाचा भलामोठा सापळा आणि बसायला एक बाक. आमच्याशिवाय कोणी नाही. तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला. लेकीचा होता. बराच वेळ हे नुसतं हूं हूं करत ऐकत होते. मी खुणेनं विचारते आहे, काय झालं, तर हातानं मला थांबवतात. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "तू उद्याच निघ. चावी शेजारी हाय. तुझी खोली तुझीच हाय, कुणाला काही विचारायचं काम न्हाई." फोन ठेवला आणि मला सांगितलं, तिच्या नवऱ्यानं तिच्यावर दोनदा हात उचलला आहे, ती लातूरला येतेय, कायमची.

आप्पा, आई म्हणून मी त्या वेळी काय विचारायला पाहिजे होतं? ती कशी आहे, कुठं लागलंय का, हेच. पण माझ्या तोंडून निघालं ते वेगळंच. मी म्हणाले, "माझ्या बापानं मला असं म्हटलं न्हाई."

तो दिवस तुम्हाला आठवत असेल की नाही, कोण जाणे. मला मात्र तो कालच्यासारखा आहे. माझा डी.एड.ला नंबर लागला होता, फॉर्म भरायला चार दिवस उरले होते. सासूबाई नको म्हणाल्या, हे नको म्हणाले, मी उलट बोलले आणि ह्यांनी सासूबाईंसमोर माझ्या तोंडात मारली. दुसऱ्या दिवशी अंगावरच्या लुगड्यानिशी मी निलंग्याची एसटी धरली. तुम्ही ड्यूटीवरून जेवायला घरी आलेले, खाकी कपड्यांत पाटावर बसलेले. आई चुलीपाशी भाकरी थापतेय. मी सगळं सांगितलं. गालही दाखवला. तुम्ही जेवायचे थांबलात, ताट बाजूला सरकवलंत आणि म्हणालात, "आता तुझं घर तिकडं हाय माय. अशी उठून येऊ नको." आईच्या हातातली भाकरी तशीच राहिली. मग तुम्ही मला स्टँडवर घेऊन गेलात. तुम्ही कंट्रोलर, माईकच्या खिडकीमागं जाऊन बसलात. मी फलाटावर उभी आहे आणि लातूरची गाडी लागल्याचं तुम्हीच सांगताय, रोज सांगता तसं, त्याच आवाजात. मी मागं वळून पाहिलं नाही. त्यानंतर तुम्ही तेरा वर्षं होतात. पंचमीला, दिवाळीला मी येत राहिले, तुमच्या पाया पडत राहिले, पण तुमच्याशी धड बोलले नाही. शेवटच्या आजारपणात तुमची पाठ चोळली तीही परक्या पेशंटची चोळावी तशी. तुम्हाला ते कळत होतं का?

हे वखारीतल्या त्या बाकावर बसले. रेनकोटचं पाणी फरशीवर ठिबकत होतं. मग म्हणाले, "मामा दुसऱ्या दिवशी मिलवर आले होते." मला आधी कळेचना कोण मामा. तुमच्याबद्दल बोलतायत हे लक्षात यायलाच मला वेळ लागला.

त्यांनी सांगितलं ते असं. मी लातूरला परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही पहिल्या गाडीनं आलात. घरी न येता थेट मिलच्या गेटवर. ह्यांनी चहाला चला म्हटलं तर नको म्हणालात. आत मशिनी चालू होत्या, हळू बोललेलं कानाशीही ऐकू येत नव्हतं. तेव्हा तुम्ही तुमच्या स्टँडवरच्या आवाजात बोललात, आणि पोती उचलणाऱ्या हमालांनीसुद्धा ते ऐकलं. तुम्ही म्हणालात, "जावईबापू, या वेळेला मी तिला परत धाडली. परत हात लागला तर मी तुम्हाला विचारायला येणार न्हाई, तिला न्यायला येईन. मागची खोली रंगवायला काढलीय मी. आणि तो फॉर्म भरा." जाताना गेटपाशी थांबून वर एवढंच म्हणालात, की हे तिला सांगू नका. कळलं तर तिला जन्मभर वाटत राहील, नवरा भिऊन नांदवतोय.

त्या आठवड्यात ह्यांनीच मला सायकलवर बसवून कॉलेजात नेलं होतं आणि फॉर्म भरला होता. परत कधी हात उचलला नाही. एवढी वर्षं मी बायांना, शाळेतल्या नव्या शिक्षिकांना सांगत आले की बघा, मी परत गेले, खालमानेनं नाही तर ताठ मानेनं राहिले, आणि माणूस बदलला. तो माझ्यामुळं बदलला असं मी धरून चालले होते. आणि मागची खोली! त्या पंचमीला आले तेव्हा तिथं नवा चुना दिसला होता, खाट टाकलेली होती. मला वाटलं, भावाच्या लग्नाची तयारी चाललीय. मी त्या खाटेवर पंचमीचे चार दिवस झोपले, आप्पा. तुम्ही दारातून दोनदा डोकावलात. एकदा विचारलंत, डास चावत नाहीत ना.

मी ह्यांना विचारलं, "मग तुम्ही भिऊनच वागलात?"

ते जमिनीकडं बघत म्हणाले, "सुरुवातीला हाव. लई भीती वाटली. मग कधीतरी भीती राहिली न्हाई आणि तसंच वागत गेलो. कधी ते मला सांगता येणार न्हाई."

"आणि मामा गेल्यावर तरी मला का न्हाई सांगितलं?"

"तू त्यांच्यावर रागावलेली होतीस तोवर माझ्यावर कमी रागावायचीस," ते म्हणाले.

यावर माणसानं काय करावं? मला रडू आलं नाही. राग आला, पण तो कोणाकडं न्यावा हे समजेना. तुमच्याकडं न्यावा तर तुम्ही खोली रंगवून बसलेले. ह्यांच्याकडं न्यावा तर हे आत्ताच लेकीला ये म्हणालेत, एकाही शब्दाला न अडखळता, ज्यांनी स्वतः एकदा मारलं होतं ते. पाऊस थोडा कमी झाला तसा रिक्षावाला बोलवायला आला, कागदावरचं चौथं ठिकाण राहिलं होतं म्हणून. आणि आम्ही गेलो, आप्पा. लेक घर सोडायला निघालीय आणि आम्ही समुद्रात रोवलेले खांब बघायला गेलो. त्या खांबांवर बसून कोळी मासे धरतात म्हणे. तिथं कोणी नव्हतं, नुसते खांब भिजत उभे होते. पावसात कोणी बसत नाही, असं रिक्षावाल्यानं सांगितलं. आम्ही दोघं तिथं उभे राहिलो. परत जाताना पायऱ्या निसरड्या होत्या तेव्हा ह्यांनी हात पुढं केला. मी धरला. का धरला तेही मला सांगता येत नाही.

आता लेक इथंच आहे. पुढच्या खोलीत बसून कॉम्प्युटरवर काम करते, दुपारी बापाबरोबर चहा पिते. मी मधूनमधून तुमच्याशी भांडते आणि मधूनच थांबते. तुम्ही मला त्या दिवशी खोलीचं सांगितलं असतं तर मी राहिले असते, हे नक्की. राहिले असते तर डी.एड. झालं असतं का, ही पोरगी असती का, मी आज सुखात असते की आणखी कुठं, यातल्या कशाचंच गणित मला लावता येत नाही. तुम्ही बरोबर होतात असं मी लिहिणार नाही. चूक होतात असं पूर्वी सहज लिहिलं असतं, आता तेही लिहवत नाही. माझ्या गालाकडं बघून तुम्ही ताट सरकवलंत, ते रागानं की आणखी कशानं, एवढं तरी विचारायला हवं होतं.

हा कागद मी शाळेच्या जुन्या टाचणवहीत घालून ठेवणार आहे, ती वही कोणी उघडत नाही. पण एक गोष्ट ह्यांना अजून सांगितलेली नाही, ती तुम्हाला सांगते. त्या दिवशी माझाही फोन पर्समध्ये चालू होता. लेकीनं मला केला नाही, कारण मला तिनं दिवाळीतच सगळं सांगितलं होतं. मी तिला म्हणाले होते, थोडी कळ काढ, माणसं बदलतात.