तुमच्या जांभळ्या काठाचे लंगोट

अक्का, आज तुमचं पातळ फाडलं. तेच निळं, जांभळ्या काठाचं, दर सणाला नेसून नेसून मऊ झालेलं, नेसलात की दिवसभर कुणाला मांडीवर बसू द्यायचा नाहीत ते. आधी काठ दातांनी तोडला आणि मग दोन्ही हातांनी टरकावलं. सून म्हणून तुमच्या घरात एवढी वर्षं राबले, पण इतक्या आनंदाने केलेलं दुसरं काम मला आठवत नाही. लेक जळगावहून बाळंतपणाला आली आहे. तिच्या पोरीला त्या विकतच्या डायपरनी मांड्यांना लालभडक पुरळ उठलं, तेव्हा ती म्हणाली, "आई, आता कापडीच लावू. घरात जुनं सुती काही आहे का?" आहे ना, म्हटलं. तुम्ही गेल्यावर नणंदांनी दागिने वाटून घेतले, तेव्हा मला फक्त हे पातळ द्या असं मी म्हणाले होते. माझी माया बघून सगळ्यांचे डोळे भरून आले. माया कसली, मी दबा धरून बसले होते.

तुम्हाला आठवत असेल की नाही, कोण जाणे. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, पण माझी आई माझ्या लग्नाआधीच गेली. पाचोऱ्याच्या घरात वडील आणि भाऊ, तिथे बाळंतिणीचं कोण करणार? म्हणून देवपूरला तुमच्याच घरी मी बाळंत झाले. नव्वद-एक्क्याण्णवची गोष्ट. रजा संपली, शाळा सुरू झाली, पोरगी दिवसभर तुमच्याकडे. सारखं धुणं पडू नये म्हणून मी बाजारातून प्लास्टिकच्या चड्ड्या आणल्या होत्या. तुमचं काम वाचेल असंच मला वाटलं होतं, खरंच. आठवड्याच्या आत तिचं अंग सोलवटलं. चूक माझी होती. तुम्ही चड्ड्या उचलून अंघोळीच्या बंबात घातल्यात. घरभर जळका वास. "नवं कापड टोचस लेकराले, अन हाई तं कापड बी नही," एवढंच तुम्ही म्हणालात. तेही बरोबर होतं. तिथेच थांबला असतात तर आज हा कागद घेऊन बसले नसते.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून येते आहे. फाटक उघडते, अंगणात तारेवर लंगोट वाळत आहेत, ओळीने, आणि सगळे पोपटी. कडेच्या दोन-चारांना लाल काठ. माझ्या पेटीत आईचं एकच पातळ होतं, पोपटी, लाल काठाचं. तिच्या आजारपणात अंगावर असलेलं, मी न धुता घडी करून आणलेलं. कधी फार एकटं वाटलं की पेटी उघडून नाक खुपसायचं. बाळाची दुपटी काढायला म्हणून किल्ली मीच तुम्हाला दिली होती. त्या पातळाला आता साबणाचा वास येत होता. तुम्ही ओट्यावर मेथी निवडत बसला होतात, मान वर न करता म्हणालात, "पेटीम्हा पडेल व्हतं, कामले उनं." कामाला आलं म्हणे! मी रडायला लागले, तेव्हा म्हणालात, "तिनी नात दखी नही. तिनं लुगडं तरी दखू दे."

काय बोललात, अक्का, आईने नाही तर तिच्या लुगड्याने तरी नात बघावी! शेजारणीने ऐकलं आणि तुमच्या शहाणपणाची गल्लीभर वाहवा झाली. मी मात्र विचार करत राहिले, की तुमच्या कपाटात डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली पातळं होती, ती का नाही दिसली? तुम्हाला तर नात दिसत होती, मग तुमच्या लुगड्यांना काय डोळे नव्हते? हे तुम्हाला विचारायचं राहिलं. तुम्ही जाईपर्यंत तुमचं सगळं केलं, वेणीफणीसुद्धा केली, पण हे विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही आणखी एखादं असंच वाक्य बोलला असतात आणि मला तेही पाठ करावं लागलं असतं.

म्हणून आज फाडलं. तुमच्या मानाच्या पातळात तुमची पणती हगणार, मुतणार आणि मी ते मोरीत आपटून धुणार, एवढंच मला बघायचं होतं. पण तुम्ही मेल्यावरही जिंकता. लेकीने जांभळा काठ ओळखला. "हे आजीचं?" म्हणाली आणि तो तुकडा गालाला लावून बसली. मग फोटो काढले, सगळ्या आत्यांना पाठवले. तुमच्या धाकटीचा लगेच फोन, हुंदके देत. "वहिनी, अक्काचं पातळ तुम्ही बाळासाठी काढलं, तुमच्यासारखी सून कुणाला मिळायची नाही." मी हातात कात्री घेऊन हूं हूं करत होते. तुमच्या पातळाचे फोटो निघाले, अक्का. माझ्या आईचं फाटलं तेव्हा तिचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. ते लंगोट विरून गेले, शेवटचा तुम्ही कंदिलाची काच पुसायला घेतलात. याची माफी नाही. तुम्ही मागितलीही नव्हती म्हणा, पण असू द्या, ठरवून ठेवलेलं बरं.

आता दुपार आहे. लेक झोपली आहे, बाळही. पुरळ उतरायला लागलं आहे. तुमच्या पातळात ती पाय पसरून, मुठी उघड्या टाकून झोपली आहे. आईच्या पातळात माझी लेक अगदी अशीच झोपायची. पहिल्याच रात्री झोपली होती, आणि मी पदराने डोळे पुसत तिच्याकडे बघत बसले होते. सकाळी तुम्ही विचारलंत, "निजनी का पोर?" मी म्हणाले, कुठली निजते, रात्रभर रडली. खोटं होतं ते. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आताही सांगत नाहीये. कागदाची घडी करून बाळाच्या दुपट्यांखाली ठेवते आहे, तिथे तुमचा हात पोचायचा नाही.