दुपारचा पहारा

२४ नोव्हेंबर, रविवार

काल निकाल लागला. आपली बाजू आली. चौकात गुलाल. माझ्या पांढऱ्या सदऱ्याचा बळी गेला, पण आनंद आहे.

पन्नाशीला आलो, असं वर्ष पाहिलं नव्हतं. उन्हाळ्यात एक निवडणूक, दिवाळीनंतर दुसरी. मधे मोर्चे, बंद, मोबाईलवरच्या शिव्या. एका घरातले दोन भाऊ दोन झेंडे लावून बसले. म्हणून ठरवलं आहे, या वर्षाचा आढावा लिहायचा. शांतपणे, कोणावर राग न धरता. तीन भाग: देश, राज्य, समाज. ३१ डिसेंबरच्या आत पूर्ण.

माझं म्हणणं साधं आहे. जुनं टिकलं पाहिजे. मंदिर, शेत, मोठ्यांसमोर आवाज न चढवणं. त्यासाठीच प्रचार केला. पदाची हाव नाही. भजनी मंडळाचा अध्यक्ष तर मी आधीपासूनच आहे.

संध्याकाळी मंदिरात दत्तजयंतीच्या सप्त्याची बैठक. सप्ता बसला की उठेपर्यंत आमच्या गावात वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, रात्रंदिवस. आजोबांपासूनचा नेम. तालुक्यात असं जपलेलं दुसरं गाव नसेल. फळ्यावर पहाऱ्याची नावं लिहिली होती. त्यातलं वामनचं नाव मी पुसलं. म्हणालो, ज्यानं त्यांचा झेंडा घरावर लावला त्याच्या गळ्यात वीणा शोभत नाही.

कोणी काही बोललं नाही. वामनही नाही. चप्पल घालून निघून गेला.

गप्प राहणं म्हणजे मान्यच.

२५ नोव्हेंबर, सोमवार

झोप नीट लागली नाही. छातीत जड. गॅस असावा. विजयमालाला ओवा मागितला. ती म्हणाली, "गॅस नाई तो. वामनभाऊजी हायेत."

बायकांना राजकारणातलं तत्त्व समजत नाही असं मी म्हणणार होतो. म्हटलं नाही. ओवा अजून मिळायचा होता.

आढावा: उद्यापासून.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आमच्या चक्कीवर ज्वारीचे डबे कमी झाले. सेवादासच्या टपरीवर चहा प्यायला गेलो तर त्यानं न विचारता सांगितलं, "वामनभाऊ सायकलवर डबा ठेवून शेजारच्या गावात दळून आणून राह्यला." मी म्हणालो, त्याची मर्जी, चक्कीला पक्ष नसतो. सेवादास म्हणाला, "चक्कीले नसते, वीनेले असते." तीन-चार जण हसले. त्याला टपरी चालवायची आहे, म्हणून बोलतो असं.

मग तो झेंड्याचं सांगू लागला. वामनचे वडील गोविंदबुवा दसऱ्यानंतर वारले. त्यांच्या तेरवीला तो दुसऱ्या बाजूचा उमेदवार आला होता. पंगतीत बसला, उठून वाढूही लागला. जाताना त्याच्यासोबतच्या पोरांनी झेंडा लावू का विचारलं. वामन म्हणे, "बापाच्या तेरवीले आलेल्या मानसाले नाई कसं म्हनू? लाव म्हटलं."

हे भावनेचं राजकारण झालं. असंच लोकांना फसवतात.

तेरवीच्या दिवशी पुसदला आपली सभा होती. मला स्टेजजवळचा पास होता. पास असा कोणालाही मिळत नाही. भेटायला मी जाणारच होतो, प्रचार संपला की.

प्रचार संपून आता बरेच दिवस झाले.

३० नोव्हेंबर, शनिवार

आज वामनकडे जायचं ठरवलं. माफी वगैरे नाही. भूमिका स्पष्ट करायची. रिकाम्या हातानं नको म्हणून केळी घेतली.

त्याच्या गल्लीच्या तोंडाशी गेलो तर अंगणात पाहुणे. पाहुण्यांसमोर भूमिका स्पष्ट करणं बरं दिसत नाही. परत आलो. विजयमालानं केळ्यांचं शिकरण केलं. चांगलं झालं होतं.

२ डिसेंबर, सोमवार

गोविंदबुवांची आठवण येते. वीणा कशी धरायची ते आम्हा दोघांना त्यांनीच शिकवलं. मी आणि वामन एका बाकावरचे. बुवा म्हणायचे, वीणा खांद्यावर नाही, छातीशी धरायची, तान्हं पोर धरतात तशी. मी खांद्यावर घ्यायचो. ते काही न बोलता सरकवून द्यायचे.

हे आढाव्यात बसत नाही.

३ डिसेंबर, मंगळवार

आज गेलोच. इंदुताई, वामनची बायको, अंगणात कापसातला कचरा वेचत होत्या. म्हणाल्या, "ते वावरात गेले. काई निरोप हाये का?"

निरोप होता. तोंडाशी आलाही होता. त्यांनी वर पाहिलं, बुवांवाचून घर मोकळं-मोकळं वाटलं. ओट्यावर बुवांची काठी अजून टेकून ठेवलेली. मी म्हणालो, "नाही, सहज. टेस्टर पाहिजे होता, चक्कीचा स्विच पाहायचा आहे."

त्यांनी टेस्टर आणून दिला.

स्विचला काही झालेलं नाही. पण टेस्टर परत करायला जावंच लागेल. म्हणजे परत जायला कारण झालं. देव अशी वाट काढून देतो.

५ डिसेंबर, गुरुवार

टेस्टर सेवादासच्या हाती पाठवला. सप्त्याची धावपळ आहे. मांडव, भोंगा, महाप्रसादाचे गहू, सगळं माझ्याच डोक्यावर.

सेवादास टेस्टर उलटून पालटून पाहत म्हणाला, "एवढंच द्याचं होतं काय?"

एवढंच.

८ डिसेंबर, रविवार

सप्ता बसला. पहिली वीणा माझी. माईकसमोर उभा राहिलो, गावभर नाम गेलं. समाधान वाटलं.

दुपारच्या पहाऱ्याची थोडी अडचण आहे. सध्या कापूस वेचणी, दुपारी गाव रिकामं. दरवर्षी दुपार वामन घ्यायचा. आपली वेचणी तशीच टाकून यायचा, त्याबद्दल कधी बोलायचाही नाही. बोलला असता तर लक्षात तरी राहिलं असतं.

यंदा दुपार अमरला दिली. तरुण आहे, प्रचारात रात्रंदिवस फिरला. आज आल्या आल्या वीणेसोबत फोटो काढून स्टेटसला ठेवला. वीणेची तार छेडत राहायची असते हे त्याला सांगावं लागलं. पण नवी पिढी धर्माकडे वळते आहे ही आढाव्यात घालण्यासारखी गोष्ट.

आढाव्याचं पान अजून कोरं आहे. विचार चालू आहे.

१० डिसेंबर, मंगळवार

उद्या पुसदला विजयाचा सत्कार. पहाऱ्यातली बहुतेक पोरं टेम्पोनं जाणार. साहजिक आहे, सगळी आपल्याच बाजूची आहेत. मीच तशी निवडली.

माझा पहारा सकाळचा. अमर म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ, तुमच्या मांगं मीच हाये, बाराच्या आत येतो." मी विश्वास ठेवला. कार्यकर्ता शब्दाचा पक्का असतो.

११ डिसेंबर, बुधवार, संध्याकाळ

पलंगावर पडून लिहितो आहे. पाय सुजले.

सकाळी वीणा गळ्यात घेतली. मंदिरात फक्त रामीबाई, खांबाला पाठ लावून टाळ वाजवत. तिला ऐंशीच्या वर असेल, उभं राहता येत नाही. ऊन देवळाच्या पायरीपर्यंत आलं. मग पायरी चढून आत आलं. अमर नाही. खिशातला मोबाईल वाजून वाजून थांबला. एका हातात तार, एका हातात चिपळ्या, मोबाईल काढणार कोण?

रामीबाईनं टाळ थांबवले. "काबे गुनवंता, बदली नाई आला तुहा?"

माईक चालू. मी मान हलवली, नाम चालू ठेवलं.

"सारे सत्काराले गेले वाट्टे. मंग टेकव ना खाली. देव काई फाशी देत नाई."

मी जोरात मान हलवली.

"मंग ज्याले हाकललं त्याले बोलाव! तो येते. तो तुह्यासारका नाई."

हे सगळं भोंग्यावरून शिवारभर गेलं. माईकचं बटण खांबाला, माझ्यापासून दोन हात लांब. म्हातारी पुन्हा टाळ वाजवायला लागली आणि वाजवता वाजवता डुलक्या घेऊ लागली. हात मात्र थांबत नव्हते.

आवाज बसला. बोटं बधिर. त्यात सकाळी दोन कप चहा झालेला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

एक गोष्ट मात्र लिहितो. ही वही कोणी वाचत नाही. देवासमोर पाट होता, पाटावर बुवांनी दिलेलं जुनं घोंगडं. मनात आलं, क्षणभर टेकवली तर काय होतं? म्हातारीचे डोळे मिटलेले. टाळ वाजतच आहेत, भोंग्याला काय कळतं? बाहेर जाऊन यायचं, परत उचलायची.

मी वाकलो होतो. वीणेचा भोपळा घोंगड्यापासून बोटभर राहिला असेल. आजोबांपासूनचा नेम. तो मोडायला कोणी विरोधी पक्षाचा नव्हता आला, मीच होतो.

तेवढ्यात नळ सुटल्याचा आवाज आला. कोणीतरी पाय धूत होतं.

वामन आत आला. केसांत कापूस अडकलेला. माझ्याकडे नीट पाहिलंही नाही. बुक्का लावला आणि सरळ माझ्या पायावर डोकं ठेवलं.

खरं लिहितो, पहिला विचार हाच आला की शेवटी वाकला. मग आठवलं, वीणा घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतोच. देणाराही घेणाऱ्याच्या पडतो. बुवांनीच शिकवलेलं.

वीणा त्याच्या गळ्यात घातली. त्यानं ती छातीशी धरली.

मग मी वाकलो. त्याच्या टाचांच्या भेगांत काळी माती ओली होऊन बसली होती. कपाळ तिथं टेकवलं आणि म्हणालो, "बुवाच्या तेरवीले आलो नाई रे वामन. चुकलं. नाव पुसलं, तेबी चुकलं."

उठलो तेव्हा त्याचे डोळे मिटलेले, नाम सुरू झालेलं. वीणा गळ्यात असताना बोलत नाहीत, त्यामुळे त्याच्या उत्तराचा प्रश्न नव्हता. मान हलली होती. मी पाहिली. मग मी देवळामागच्या बाभळीकडे पळालो.

वामननं तिन्हीसांजेपर्यंत वीणा धरली. तेव्हा टेम्पो आला. अमरनं गुलालाच्या हातानं मला पेढा दिला.

असो. माफी मागून झाली. एक मोठं काम हातावेगळं झालं. छाती हलकी वाटते.

१३ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी वामन चक्कीवर आला. ज्वारीचा डबा. मी मुद्दाम दुसऱ्यांचं बाजूला ठेवून त्याचं आधी घेतलं.

मी म्हणालो, परवा बरा आलास. तो म्हणाला, "सकायपासून भोंग्यावर एकच आवाज. तोबी फाटला. म्या म्हटलं, याचा बदली काई येत नाई. वेचनी टाकून आलो." रामीबाईचं बोलणंही ऐकू आलं म्हणाला, "एकून एक." आणि थोडा हसला.

मग डब्याला झाकण लावता लावता विचारलं, "पायापाशी काय पुटपुटत होता बे? म्हातारीचे टाळ चालू होते. काई आयकू नाई आलं."

म्हणजे मान हलली ती नामावर.

चक्की चालू होती. ती बंद करता आली असती. हात बटणापर्यंत गेलाही होता. समोर तो डबा धरून उभा, घाई नाही काही, वाट पाहत. तो असाच उभा राहतो.

मी म्हणालो, "काई नाई. रामकृष्णहरी म्हटलं."

त्यानं डब्याचं झाकण पुन्हा काढलं. "बरं," म्हणाला. पीठ चिमटीत घेऊन पाहिलं, "जाडं आलं या खेपेले," म्हणाला, आणि सायकलवर डबा बांधून गेला.

छातीत पुन्हा जड. ओवा संपला आहे.

३१ डिसेंबर, मंगळवार

आज आढावा. बसलो. देश, राज्य, समाज असे तीन मथळे काढून खाली रेघ मारली. देशाबद्दल मला काय वाटतं ते अजूनही पक्कं आहे, त्यात बदल नाही. पण लिहायला गेलो की पुढे पाटावरचं घोंगडं दिसतं.

शेवटी उठून मंदिरात गेलो. कोणी नव्हतं. सप्त्याचा फळा तसाच, दुपारच्या रकान्यात अमरचं नाव. पुसलं. खडूनं ठळक लिहिलं: वामन. पुढल्या वर्षीचं आत्ताच ठरून गेलं. हीसुद्धा एक प्रकारे माफीच झाली. लेखी.

घरी येऊन विजयमालाला सांगितलं. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, "फळ्यावर लिहून आले? अन् त्याईचं घर देवळाच्या मांगंच हाये ना?"

हे मला माहीत आहे.

तिला म्हणालो, अशी मोठी गोष्ट रिकाम्या हातानं आणि कारण नसताना बोलता येत नाही. तिनं सोललेल्या दाण्यांनी अर्धी वाटी भरून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "हे घ्या. हात भरला."

वाटी इथंच, वहीशेजारी आहे. आता उशीर झाला, लोक जेवत असतील.

चक्कीचा स्विच पुन्हा करकर करतो आहे असं वाटतं. उद्या वामनकडे टेस्टर मागायला जातो.