चपटा की थोरला

११ सप्टेंबर, गुरुवार. नांदेड

लॅपटॉपचं बिजागर आज पुरतं गेलं. स्क्रीन मान टाकते. मागं पोह्यांचा डबा टेकवला आणि मूत्रपिंडाची आकृती पूर्ण केली. ज्यांच्या प्रश्नपत्रिका मी टाइप करून देते त्या क्लासच्या सरांचा लातूरहून फोन : "म्याडम, बायोलॉजीचा पेपर आज येतो ना?" येतो म्हटलं. डबा घसरला नाही तर येतो.

आई कॉटवरून बघत होती. उजव्या अंगाला लकवा मारल्यापासून तिचे शब्द एकेक सुटे येतात, मध्ये वाट बघावी लागते. म्हणाली, "नवं... घे की." मी म्हटलं, उद्याच बघते. त्यावर मात्र लगेच, "उद्या न्हाई. पितरपाट हाय."

झालं. पितरं जेवून परत जाईपर्यंत पोह्यांचा डबा.

१३ सप्टेंबर, शनि. बसमध्ये

हातानं लिहितेय, अक्षर बघण्यासारखं आलंय. लोह्यापर्यंत उभी. मग जागा मिळाली, मांडीवर बॅग. खांद्यात कळ, ती आता नेहमीचीच.

दीपकचा पुण्याहून फोन. "ताई, डोळे झाकून हलका घे. वजन नाहीच, बॅटरी दिवसभर. तुझं ये-जा असतं ना."

तुझं ये-जा. जशी काही मला एसटीची जन्मापासून हौस. निम्मा आठवडा नांदेडला आईजवळ, निम्मा लातूरला घरी, मी नसताना आईला बघायला ठेवलेली शोभाताई. ही घडी कुणी बसवली? बसली आपोआप. तू नेतोस का रे आईला, हे अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात अहमदपूर आलं, उतरून चहा घेतला. त्याचं घर दोन खोल्यांचं, दोघंही दिवसभर बाहेर. समजतं सगळं. समजतं म्हणूनच धड भांडता येत नाही.

दोन व्हिडिओ पाठवलेत त्यानं. कुठल्यातरी चकाचक टेबलावर एक माणूस लॅपटॉप दोन बोटांत धरून हसतोय. त्याच्या घरी कुणी आजारी नसावं.

१४ सप्टें. लातूर

हे म्हणाले, "मोठाच घे. खिडकीजवळच्या टेबलावर ठेव. बूड टेकून काम कर जरा. किती दिवस अशी पळणारेस?"

प्रश्न बरोबर आहे. उत्तर कुणाला विचारू? आईला इकडं आणू, हेही यांनीच म्हटलं होतं. खोटं कशाला लिहू, मनापासून म्हटलं होतं. पण आईचं एकच. "लेकीच्या दारात... पडून ऱ्हाऊ? लोकं दीपकला काय म्हनतील?"

दीपकला कुणी काही म्हणू नये म्हणून मी बसमध्ये.

यांनी आज भाजी केली होती, मीठ जास्त. दही घालून खाल्ली. त्यांनीही. रविवार गेला.

१७ सप्टें. नांदेड

बघायला काही पितरं अडवत नाहीत, म्हणून स्टेशन रोडच्या दुकानात जाऊन आले.

दोन आहेत. एकाचं नाव मी चपटा ठेवलं, दुसऱ्याचं थोरला.

चपटा उचलला तर रिकामं ताट उचलल्यासारखा. बॅगेत घातला तर आहे की नाही कळणार नाही. पण पेपर उघडून बघितला : डावीकडं इंग्रजी प्रश्न, उजवीकडं मराठी, मध्ये आकृती, सगळं मुंग्यांएवढं. मोठं करावं तर निम्मं बाहेर जातं. थोरल्यावर तेच लख्ख. हृदयाचे चारही कप्पे, सगळे बाण, सगळी नावं. चष्मा वर-खाली करावा लागला नाही. त्याचा चार्जर मात्र विटेएवढा.

दुकानदार चांगला आहे. विचारलं, "म्याडम, काम कसं हाय तुमचं? फिरती का बैठक?"

एवढा साधा प्रश्न. फिरती म्हणावं तर आई अशीच राहणार हे मान्य केल्यासारखं. बैठक म्हणावं तर कुठल्या गावात?

तो म्हणाला, "सबुरीनं ठरवा. कायकू टेन्शन लेते." टेन्शन घेते म्हणजे काय, ते येऊन बसतंच की.

२० सप्टें., शनि. लातूर

सरांनी बोलावून ऐकवलं. मागच्या पेपरात बाण चुकले. धमनीचा बाण शिरेवर गेला. अर्ध्या वर्गानं बरोबर लिहून मार्क घालवले, पालक भांडायला आले. "म्याडम, तुमचं घरचं मला माहीत हाय. पन लातूरला मुलं एकेका मार्कासाठी मरतात. जमत नसेल तर सांगा, दुसऱ्या बाई बघतो."

चूक माझीच. पडलेल्या स्क्रीनकडं मान वाकडी करून काम केलं की बाणही वाकडे जातात. सरांना म्हटलं, जमतं. हे काम गेलं तर माझं स्वतःचं म्हणावं असं काय उरलं? इकडं कुणाची बायको, तिकडं कुणाची लेक. बाण काढते तेवढा वेळच मी माझी असते.

यांना सांगितलं नाही. कुणालाच नाही.

२४ सप्टें. नांदेड, एकदाची

पितरपाट संपला, घट बसले, आता बहाणा नाही. तरी घेतला नाहीच.

सकाळी लातूरहून निघाले, लोह्याच्या अलीकडं पुलावर पाणी. बस उभी ती उभीच. शोभाताईचा फोन : "आज्जी जेवून नाही राहिल्या. तुमी आल्यावर म्हनतात." मी म्हटलं, भरव गं जरा. ती म्हणाली, "तोंड मिटून घेत्यात, काय करू?" काय कर म्हणून सांगू? खिडकीबाहेर पाणी बघत बसले. शेजारच्या बाईंनी केळं दिलं, अर्धापूरचं, गोड होतं. खाता खाता रडू आलं. त्या बिचाऱ्या घाबरल्या, दुसरंही दिलं.

चपटा असता तर निम्मा पेपर तिथंच झाला असता. डब्याशिवाय जुन्याला मान धरवत नाही, बसमध्ये डबा कुठं टेकवू?

पोचले तेव्हा अंधारून आलं होतं. आई दोन घास जेवली. म्हणाली, "कशाला आली... पान्यापावसाची. मला काय झालंय?" हे ती दर वेळी म्हणते. मी आले की कशाला आली, निघाले की जा बाई, माझी फिकीर नको. कधी ये म्हणाली नाही, कधी थांब म्हणाली नाही. मोठी मानी बाई.

२७ सप्टें.

सकाळी : चपटा.
जेवताना : थोरला.
भांडी घासताना : दोन्ही नको. पोह्यांचा डबाच सोन्याचा.

२९ सप्टें. नांदेड

या खेपेला लातूरला गेलेच नाही. आईचं बीपी वरखाली. यांना फोन केला, दसरा इकडंच करते म्हणून. म्हणाले, "बरं. आपट्याची पानं कुणाला देऊ मग मी?" हसत म्हणाले. हसत नव्हते.

आईचं ठरलंय : "खंडेनवमीला जुनं पुजू. दसऱ्याला... नवं आन." बरं म्हटलं. कुणीतरी काहीतरी ठरवलं, तेवढंच बरं वाटलं.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

आज जे झालं ते लिहून ठेवते.

आमच्या घरी खंडेनवमीला शिलाई मशीन पुजायची. बाबा गेल्यावर आईनं त्या मशीनवर आम्हा दोघांना शिकवलं. पायाची मशीन, लोखंडी, भिंतीला लागून. शाळेतून आलो की तिचा आवाज गल्लीतूनच ऐकू यायचा, म्हणजे आई घरात आहे. आता वर फडकं टाकून कपड्यांचा ढीग असतो.

शोभाताईनं ढीग उचलला, मशीन पुसली. आई म्हणाली, "तुझं बी ठेव. तू त्याच्यावरच खातीस." म्हणून लॅपटॉप मशीनच्या पाटावर, पोह्यांच्या डब्याला टेकवून, वर झेंडूचं फूल. पेपर उघडाच होता. संध्याकाळी पाठवायचा होता.

दोघींनी धरून आईला खुर्चीत बसवलं. हळदकुंकू मी लावते म्हटलं तर, "न्हाई. माझ्या हातानं." डाव्या हातानं कुंकू लावलं मशीनला, मग लॅपटॉपला. नीट लावलं, गोल. मला किती बरं वाटलं! मी निरंजन आणायला आत वळले. मशीनला आई नेहमी आधी फुलानं पाणी शिंपडायची. ते राहिलं म्हणून तिनं डाव्या हातानं तांब्या उचलला असणार. भरलेला तांब्या एका हातात कसा तोलणार? तांब्या थेट कीबोर्डवर.

एकदा पांढरं झालं. मग काळं.

उलटा केला, पुसला, पंख्याखाली ठेवला, शोभाताईनं तांदळात पुरला. काही नाही. पेपर गेला. सरांना काय सांगू, आईनं पूजा केली म्हणून?

आई तांब्याकडं बघत होती. "मी... बिघडवलं?"

"नाही गं. जुनाच होता तो. आज ना उद्या जाणारच होता."

"मशीनला... काय होत नव्हतं पान्यानं."

"नव्हतंच होत."

स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला डोकं टेकवून उभी राहिले. राग कुणावर काढू? सगळेच बरोबर आहेत.

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी. ठरलं. चपटा. डोळे गेले तर जाऊ देत, चष्म्याचा नंबर वाढवू. माझी फिरती आहे, हे एकदा कबूल करावं आणि मोकळं व्हावं. दुकानदाराला फोन केला, दुपारपर्यंत येते. सरांना उद्या पेपर देते म्हणून सांगितलं. सर फक्त "बघा" म्हणाले.

दुपारी. चप्पल घालत होते. आईनं कॉटवरून हाक मारली. हातात आपट्याचं पान होतं, शोभाताईनं दिलेलं. ते माझ्या हातात ठेवलं, पण सोडलं नाही. डाव्या हाताची पकड अजून आहे तिची.

"जड घे," म्हणाली.

"अगं, जड कशाला? नेता-आणताना—"

"जडच घे."

मी थांबले. शब्द यायला वेळ लागतो.

"उचलून... न्हेता येनार न्हाई तुला. माझी मशीन... कुठं हालली?"

आणि भिंतीकडं तोंड केलं. इतके महिने जा बाई, जा बाई म्हणणारी माझी आई. मी तिथंच उभी, एका पायात चप्पल.

दुकानात गेले नाही.

चारच्या सुमाराला. दुकानदाराचा फोन : "म्याडम, दिवस मुहूर्ताचाच हाय, पन ग्राहक लई हाय. कोन्ता काढून ठेवू?" म्हटलं, कळवते. "मोठा घेनार असाल तर घरी आनून देतो. पत्ता सांगा फक्त." म्हटलं, कळवते.

लगेच यांचा. "घेतलास का? मी टेबल रिकामं केलंय. वर्तमानपत्रं सगळी रद्दीत दिली, पाय डुगडुगत होता तिथं पाचर मारली. उजेड छान येतोय गं खिडकीतून." "ऐकतेस ना?" ऐकतेय म्हटलं.

शोभाताई आत्ता येऊन सांगून गेली : कालचा ढीग परत मशीनवर ठेवायला निघाली तर आज्जींनी ठेवू दिला नाही. कपाटात टाक म्हणाल्या. मशीनचं मुंडकं खाली दुमडून वर पाट घालायला लावला, टेबलासारखा सपाट. पुसून घेतला दोनदा.

आता मशीनवरची जागा इथूनच दिसते. रिकामी, स्वच्छ, भिंतीला लागून. कुंकू अजून आहे.

आई डोळे मिटून पडली आहे. झोपलेली नाही, मला कळतं. दुकान आज उशिरापर्यंत उघडं आहे.