पित्ताचं सोंग

प्रिय आबा,

तुम्ही गेल्यापासून आज पहिल्यांदा लिहितेय, तेही कामासाठी. उद्या आईला घेऊन लोणावळ्याला जायचंय. तिचा आजार आता बरा होणारा नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यापुढे त्रास कमी कसा ठेवायचा, दवाखान्यात राहायचं की घरी, हे सगळे बसून ठरवू. आधी घरात बोलून या." घरात बोलून! आपल्या घरात? हसू आलं ना तुम्हाला?

तुमच्या वेळी आपण काय बोललो होतो? दादानं डॉक्टरांना दाराबाहेर गाठलं. "आबांना कॅन्सरचं सांगू नका, हाय खातील." झालं, त्या दिवसापासून तुम्हाला पित्त झालं. तुमचे धाकटे भाऊ, आपले तात्या, येईल त्या पाहुण्याला गोठ्यापाशी अडवून पढवायचे, "रडायचं न्हाई. पित्त हाय, उतरंल, येवढंच म्हनायचं." शिरगावची मावशी उदी घेऊन आली, तिलाही पढवलं. ती बिचारी तुमच्यापाशी बसून "पित्त हाय, पित्त हाय" म्हणत हमसून हमसून रडली. पित्तासाठी एवढं कोण रडतं हो?

आणि तुम्ही! लोहगडवाडीच्या आपल्या टपरीवर बसून, कोण गडावर पोचेल आणि कोण अर्ध्यातून परत येईल, ते चालीवरून ओळखायचात. तुम्हाला आमचं सोंग कळलं नाही? गोठा आणि तुमची खोली, मध्ये नुसता पत्रा. तात्यांचा आवाज कसा, ते मी काय सांगायचं! तरी मला म्हणायचात, "पोरी, ताक दे गं. पित्त लय वाढलंय." का, आबा? एकदा हात धरून विचारायचं होतंत. मला खोटं बोलता आलं नसतं. म्हणूनच विचारलं नाहीत का?

एकदा म्हणालात, "मला खाचराच्या बांधापर्यंत ने." मी म्हटलं, "बरं वाटलं की जाऊ." तुम्ही गप्प बसलात. तुमच्या त्या गप्प बसण्याचा अजून राग येतो, आणि माझ्या उत्तराचा त्याहून जास्त.

मग धाप लागली आणि भावकी जमली. काही केलं नाही असं लोकांनी म्हणू नये, म्हणून तुम्हाला पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. घशात नळी घातल्यावर दादानं वाकून विचारलं, "आबा, काय सांगायचंय का?" तेव्हा विचारलं! बोलता येत होतं तोवर आम्ही ताक देत बसलो. तुम्ही दादाकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. काय हवं होतं तुम्हाला?

आता तात्यांनी पुन्हा सुरू केलंय, "वहिनीला अशक्तपना हाय म्हनायचं." दादाही मान डोलावतो. आज दुपारी आई तांदूळ निवडत होती. तिच्याशेजारी बसले, मीही खडे वेचू लागले. शेवटी म्हटलं, "आई, तुला काय झालंय ते सांगू का?"

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "तुमीच कुनी बोलत न्हाई, मंग मी कुनाशी बोलू?"

मग हळूच म्हणाली, "तुज्या आबांनाबी ठाव व्हतं. मला शपथ घातली, पोरं लय जपत्यात, त्यांना कळू दिऊ नको म्हनून. त्यांला घरीच डोळं मिटायचं व्हतं."

"मग पुण्याला नेताना बोलली का नाहीस गं?"

"बोलले की. दोनदा बोलले. एवढ्या बाप्यांत माजं कुनी ऐकलं?"

आबा, ती बोलली होती! आणि मी तिथंच, तुमची पिशवी भरत होते.

उद्या डॉक्टरीणबाईंसमोर सगळ्यांच्या आधी आई बोलेल. तात्या मध्ये बोलले, तर त्यांना थांबवेन. दादा रुसला तर रुसू दे. ती घरी म्हणाली तर घरी, आणि कुणी गाडी घेऊन दारात आलं, तर मी दारात उभी राहीन. तुमच्यासाठी राहायला हवं होतं, तशी.

तुमची,
शालू